ठकीचं सातवं घर

आमच्या ह्यांना दिसेल त्या वस्तूची घडी घालायची खोड आहे. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात बत्तीस वर्षं कागदांच्या चौपदरी घड्या घालून खणांत सारल्या, त्याचा हा परिणाम. रिटायर झाले, ऑफिसातले कागद संपले, मग घर सापडलं. वर्तमानपत्राची चौपदरी घडी, टॉवेलची चौपदरी घडी, भाजीच्या पिशवीचीसुद्धा. एकदा माझं ओलं लुगडं दोरीवरून काढून असं घट्ट घडी करून ठेवलं की तिसऱ्या दिवशी त्याला बुरशी आली. मी बोलले, तर म्हणतात, "घडी तर सरळ आहे ना?" मी चौथीपर्यंत शिकलेली बाई आहे, पण बुरशीचं लुगडं सरळ आहे म्हणून आनंद मानावा, इतकी काही अडाणी नाही.

अशा माणसानं घडी न होणारी एकच जिन्नस हौसेनं घरात आणली. गिटार. आणि तीही एक नव्हे, सहा.

आम्ही अजनीच्या रेल्वे क्वार्टरात राहत होतो तेव्हा आजूबाजूला अँग्लो-इंडियन लोकांची वस्ती होती. कोणी ड्रायव्हर, कोणी गार्ड. नाताळात क्लबात नाचगाणं करायचे आणि दुसऱ्या दिवशी केक पाठवायचे. पुढं एकेक कुटुंब ऑस्ट्रेलियाला निघालं. जहाजावर सगळं थोडंच नेता येतं? कोणी पलंग काढला, कोणी शिलाई मशीन, कोणी जाळीचं कपाट. शहाण्या बायांचे शहाणे नवरे ती कपाटं घेऊन घरी आले. आमचे हे प्रत्येक वेळी गिटार घेऊन आले. काळ्या पेटीत झोपवलेली, मुडदा आणावा तशी.

बरं, वाजवता येते म्हणावं तर एक सूर नाही. मऊ फडकं घेऊन पुसतात, उजेडात धरून बघतात आणि परत झोपवतात. मी विचारलं, "वाजवाच्या नाहीत, तं ठेवल्या काहून?"

"ठेवाले," म्हणाले.



नंदनवनात घर बांधलं, खोल्या तीन. त्यातली मधली खोली गिटारींना मिळाली. खरी आग लागते ती पुढच्या गोष्टीची. नागपूरचा मे महिना तुम्ही पाहिला असेल तर सांगायला नको. लाकूड तडकतं, सरस सुटतो, माणूस तर हाडामांसाचा. पण वाळ्याची ताटी घरात एकच आली आणि ती लागली मधल्या खोलीच्या खिडकीला. हे दर तासाला लोट्यानं तिच्यावर पाणी शिंपडणार आणि पेट्यांची झाकणं उघडून ठेवणार, गिटारींना हवा लागावी म्हणून. मी स्वयंपाकघरात चुलीपुढं वाळून खारीक होऊन राहिले आहे आणि आत सहा लाकडी सवती वाळ्याच्या वासात लोळून राहिल्या आहेत!

मांजरं मात्र माझी. हे मी कबूल करते, कोणी विचारायच्या आत. बोका पांडू, वर्तमानपत्र दिसलं की त्यावर जाऊन बसणारा कारकून, एक म्हातारी मांजर, दिवसभर झोपणारी, आणि ठकी, सगळ्यांत शहाणी. माझ्या मांजरांना तहान, ऊन आणि माणसाचा स्वभाव कळतो. ह्या घरात थंडावा कुठं आहे तेही त्यांना माझ्याआधी कळलं.

त्या वर्षी एप्रिलच्या शेवटी परदेशातून एक पत्र आलं. इंग्रजीत होतं, म्हणून समोरच्या मनोहररावांना बोलावलं. ते टायपिंगचा क्लास चालवतात, त्यामुळं वाचतानाही थांबून थांबून वाचतात, ओळ संपली की मान उजवीकडून डावीकडं नेतात. पत्र टामकिनच्या मुलीचं होतं, एस्टरचं. टामकिन गार्ड म्हणजे आमच्या अजनीच्या भिंतीला भिंत असलेले शेजारी आणि ह्यांचे जिवलग मित्र. सहातली सगळ्यांत मोठ्या पोटाची गिटार त्यांची. ती विकत घेतलेली नव्हती. जाताना त्यांनी ह्यांच्या हातात दिली होती, "बाबाराव, रखो. कोई लेने आएगा," म्हणून. आणि ह्यांनी शब्द दिला होता. त्याला तेरा वर्षं झाली.

"डॅडी आता अंथरुणावर आहेत," मनोहररावांनी वाचलं. "हात थरथरतात. नावं विसरतात. पण गिटार कुठं आहे, हे रोज विचारतात. मी पंचवीस मेला नागपूरला येत आहे. एकच दिवस आहे."

ह्यांनी पत्राची चौपदरी घडी घातली आणि खिशात ठेवली. त्या दिवशी ताटीला दुप्पट पाणी पडलं.

आठ मेला सकाळी मधल्या खोलीतून ह्यांची हाक आली, "अवं, इकडं ये! अनर्थ झाला!"

मला वाटलं भिंत पडली. जाऊन बघते तर पहिल्या पेटीत ठकी. गिटारीच्या पोटाला पाठ टेकून निवांत, आणि पुढ्यात चार पिल्लं, उंदरांएवढी.

"अजी, ओरडता काय?" मी म्हटलं. "बाळंतीण आहे ते."

"माह्या गिटारीवर!"

"मंग तुम्हीच थंडावा करून ठेवला. बाळंतिणीनं काय उन्हात जावं?"

मी गिटार हळूच काढून ह्यांच्या हातात दिली आणि तिथल्या तिथं जाहीर केलं की सव्वा महिना ठकीला कोणी हात लावणार नाही. आमच्या माहेरी, रामटेकला, गाईम्हशींचं बाळंतपणसुद्धा मायेनं व्हायचं. मी आजवर गल्लीतल्या चौदा बायांना सव्वा महिना अंथरुणावर ठेवलं आहे. अजनीत तर टामकिनच्या मडमेला ठेवलं होतं. एस्टर झाली तेव्हा ती बाई चौथ्या दिवशी उंच टाचांचे बूट घालून बाजारात निघाली होती. मी दारात आडवी उभी राहिले आणि तिला डिंकाचा लाडू खायला बसवलं. बारा दिवस बसली. मडमांमध्ये हा विक्रम असावा.

शेजारची तुळसाबाई भिंतीवरून डोकावली. तिला आमच्या घरातलं आमच्याआधी कळतं.

"घोर नका करू, बाबारावजी," ती म्हणाली. "मांजर आपले पोट्टे सात घरं फिरवते. उद्या पाहा, उचलून नेते का नाही."

हे ऐकून ह्यांचा चेहरा असा खुलला की काय सांगू. पुढचं घर तुळसाबाईचंच, त्यानंतर मनोहररावांचं, अशी मनात रांगही लावली असावी. दुसऱ्या दिवशी ठकीनं खरोखरच पिल्लं हलवली. पहिल्या पेटीतून दुसऱ्या पेटीत.

तिच्या लेखी त्या पेट्या म्हणजेच घरं होती. दार आहे, छत आहे, आत लाल मखमल आहे. आमचंही घर एवढं सजवलेलं नाही.

आता ठकी राहून गेलेली पेटी तशीच वापरता येईना. ती झाडायची, उन्हात ठेवायची, वास जाईपर्यंत थांबायचं. तोवर गिटार बाहेर. म्हणजे ठकी पुढच्या घरात गेली की आमच्या घरात एक गिटार वाढायची. एक झोपाळ्यावर बसली, एक गव्हाच्या कोठीवर. एक देव्हाऱ्याशेजारी उभी केली, तर दूधवाला तिला नमस्कार करून गेला. चौथी आमच्या पलंगावर, दोघांच्या मध्ये. पस्तीस वर्षांच्या संसारात ह्या माणसानं माझ्या अंगावर कधी चादर सरकवली नाही, पण तिला गळ्यापर्यंत पांघरूण.

शेवटी मनोहररावांनी सल्ला दिला की मांजरांच्या बंदोबस्तासाठी सरकारदरबारी अर्ज करा. ह्यांना अर्ज म्हटलं की अंगात येतं. मनोहररावांनी स्वतः टाइप केला. त्यात मांजराला 'मार्जार' म्हटलं होतं, वजन पडावं म्हणून. हे तो घेऊन एका कचेरीत गेले. नाव सांगत नाही, अजून तिथं कामं पडतात. तिथल्या बाबूनं अर्ज उलटासुलटा करून विचारलं, "मार्जार म्हंजे कोनती जात?"

"मांजर," ह्यांनी सांगितलं.

"मांजराचा फॉर्म नाही. कुत्र्याचा आहे."

"मंग कुत्रा खोडून मांजर लिहू का?"

"खोडाखोड चालत नाही. कुत्रा राहू द्या. किती आहेत?"

तीन मोठी आणि चार पिल्लं. ह्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं, कुत्रे सात. आणि फॉर्मची घडी घालून दिली.

चार दिवसांनी बाहेर गाडी थांबली. दोन माणसं उतरली, एकाच्या हातात फास, दुसऱ्याच्या हातात जाळी. सगळी गल्ली गोळा झाली. माझ्या दारात कुत्रे पकडणारी गाडी! लग्न होऊन आले त्या दिवसानंतर एवढी माणसं मला पाहायला जमली नव्हती.

"कुत्रे कुठं आहेत, माय?" फासवाल्यानं विचारलं. त्याचं नाव बळीराम.

"कुत्रे नाहीत, भाऊ. मांजरं आहेत."

"मांजरं धराचा हुकूम नाही आमाले."

"मी कुठं म्हणते धरा?"

मी त्यांना पाणी दिलं. पाणी पिता पिता बळीरामची नजर झोपाळ्यावरच्या गिटारीकडं गेली. फास भिंतीला टेकवून तो म्हणाला, "पाहू का गा काका?" लग्नाच्या बँडमध्ये तो बेंजो वाजवायचा, असं त्यानं सांगितलं. ह्यांनी नको म्हणायला तोंड उघडलं, पण तोवर त्यानं गिटार मांडीवर घेतली, दोन खुंट्या पिळल्या आणि तारेवर बोट टाकलं.

तेरा वर्षं आमच्या घरात गिटारी आहेत. आवाज त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. वरातीतलीच चाल होती, पण संथ वाजवली. तारा जुन्या, मधूनच कण्हायच्या. हे खांबाला धरून उभे होते. डोळे मिटलेले. मी चहा टाकायला आत गेले, कारण पुरुषाला त्या वेळी कोणी पाहू नये.

"टामकिन असंच वाजवे," बळीराम गेल्यावर हे म्हणाले. बस, एवढंच.

पुढच्या आठवड्यात त्या कचेरीचा कागद आला. सात कुत्र्यांची तक्रार केली, प्रत्यक्षात एकही कुत्रा आढळला नाही, तरी खोटी तक्रार का केली याचा खुलासा करावा. मनोहरराव म्हणाले की एक कुत्रा पाळला तर प्रकरण मिटेल. त्यांना मी घरी पाठवलं.

तोवर बावीस तारीख उजाडली होती आणि ठकी पाचव्या पेटीत होती. उरली होती फक्त टामकिनची. तेवढीच गिटार अजून आपल्या पेटीत होती, आणि त्या पेटीवाचून तिचं चालणार नव्हतं. तिचं पोट मोठं, दुसऱ्या कुठल्याच पेटीत मावत नव्हतं. विमानानं जायची वस्तू, उघडी कशी जाणार?

मी सगळ्यांसमोर पुन्हा सांगितलं, "ठकी ज्या पेटीत असन त्या पेटीले सव्वा महिना कोनी हात लावाचा नाही. मंग तो लाट साहेब का असेना!"

ह्यांनी मान हलवली. मला वाटलं, पस्तीस वर्षांनी हा माणूस सुधारला. मग त्यांनी माझ्यादेखत टामकिनच्या पेटीचं झाकण लावलं आणि पितळेच्या दोन्ही कड्या अडकवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते, तर टामकिनची पेटी सताड उघडी. गिटार बाहेर पाटावर आणि आत ठकी, चार पोरांसकट.

"पाहा बाप्पा!" हे म्हणाले. "किती हुशार आहे तुही ठकी. कड्याबी काढते!"

माझी ठकी शहाणी आहे, हे मी सगळ्यांना सांगते. पण तिनं कड्या काढल्या आणि गिटार उचलून पाटावर ठेवली, एवढं शहाणपण मीसुद्धा तिला चिकटवत नाही. पण घरात पाहुणी यायची होती, पुरणपोळीची डाळ निवडायची होती. मी ती गोष्ट मनाच्या एका कोपऱ्यात ठेवून दिली.

पंचवीसला रिक्षातून एस्टर उतरली. उंच, उन्हानं लाल झालेली, टामकिनसारखेच लांब ढांगांचे पाय. "मौसी, पहचाना?" म्हणाली. पहचाना म्हणजे काय! हिला पहिली आंघोळ मी घातली आहे. मी तिला जवळ घेतलं तर ती माझ्या खांद्यावर रडली आणि मग हसून म्हणाली, "लड्डू है क्या?"

ह्यांनी तिला मधल्या खोलीत नेलं. मागे मी, माझ्या मागे तुळसाबाई, तिला कोणी बोलावलं नव्हतं.

"बेटी, गिटार एकदम तय्यार है," हे हात मागं बांधून म्हणाले. "मगर पेटी में ये ऐसा हो गया. तेरी मौसी सव्वा महिना हाथ लगाने नहीं देती. कायदा है उसका. तू अगले साल आ. मैं संभाल के रखता."

एस्टर गुडघ्यांवर बसली. पिल्लांचे डोळे नुकतेच उघडले होते. तिनं एका बोटानं ठकीच्या कपाळावर हलकेच घासलं.

"ठीक है, अंकल," ती म्हणाली. "बच्चा लोग को मत उठाओ. डॅडी को मैं समझा दूँगी." मग म्हणाली, "मेरे को भी कभी-कभी नहीं पहचानते अब. गिटार का पूछते हैं बस."

मी ह्यांच्याकडं बघितलं. हे ताटीकडं बघत होते. ताटी कोरडी पडली होती आणि पाणी शिंपडायला कोणी उठत नव्हतं.

मी आत गेले. माझी माहेरची लोखंडी ट्रंक पलंगाखालून ओढली. लग्नाचा शालू, आईची चोळी, सगळं काढून खाटेवर टाकलं. रिकामी ट्रंक मधल्या खोलीत आणून ताटीसमोर ठेवली आणि पदर खोचून पेटीजवळ बसले.

"अवो मनकर्णाबाई!" तुळसाबाई किंचाळली. "सव्वा महिना नाही झाला!"

"मले मोजता येते वं."

"तुमीच तं म्हने लाट साहेब..."

"लाट साहेब नाही आला. टामकिनची पोरगी आली. घरी जा तू."

गेली नाही, पण गप्प बसली. चौदा बाळंतिणींत न मोडलेला कायदा मी माझ्या हातानं मोडला. एकेक पिल्लू उचलून ट्रंकेत ठेवलं. ठकी गुरगुरली, माझ्या मनगटावर एक ओरखडा काढला. तो तिचा हक्कच होता. मग ट्रंकेत उडी मारून पोरांना चाटायला लागली. सातवं घर तिला पसंत पडलं.

चौथं पिल्लू उचललं, तेव्हा त्याच्याखाली काहीतरी लोकरीचं दिसलं.

ह्यांचा मफलर. हिवाळ्याचा, तपकिरी, ऑफिसातल्या लोकांनी निरोपाच्या वेळी दिलेला. तो डांबराच्या गोळ्या घालून कपाटाच्या तळाशी असतो, मीसुद्धा दिवाळीआधी काढत नाही. भर मे महिन्यात तो पिल्लांच्या खाली होता. मऊ, नेमका मधोमध. आणि त्याची चौपदरी घडी घातलेली होती. काठाला काठ लावून, सरळ.

मी तो गुपचूप उचलून कमरेला खोचला. पाहुणीसमोर घरची लक्तरं काढायची आमच्यात पद्धत नाही. "पेटी झाडा," एवढंच ह्यांना म्हटलं.

पोळ्या लाटत होते तेव्हा हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. मी मफलर पोळपाटाशेजारी ठेवला. त्यांनी तो पाहिला आणि उंबऱ्यावरच बसले.

"बत्तीस वर्षं पार्सल पाहिले मी," ते म्हणाले. "ज्याचं सामान पडून राहते, तो मानूस एक ना एक दिवस येतेच. पावती घेऊन, रडत, भांडत, पण येते. सामान उचललं का मंग पुन्हा तोंड नाही दिसत त्याचं." मग म्हणाले, "गिटार इथं होती तं मले वाटे, टामकिन येईन बा."

माझी पोळी तव्यावर करपली. मी ती बाजूला काढली आणि दुसरी टाकली.  

एस्टर चार पोळ्या जेवली. मग ह्यांनी गिटार फडक्यानं शेवटची पुसली, पेटीत झोपवली आणि दोन्ही कड्या लावल्या. लावल्यावर पुन्हा एकदा ओढून पाहिल्या. वहीचं एक पान फाडून त्यावर लिहिलं: 'माल सुस्थितीत मिळाला.' एस्टरनं सही केली. सही करून ती त्यांच्या पाया पडली. पाया पडायला तिला कोणी शिकवलं कोण जाणे. तिच्या पिशवीत मी डिंकाचे लाडू घातले. मे महिन्यात डिंक उष्ण पडतो असं तुळसाबाई म्हणाली. तिला मी दोन लाडू देऊन गप्प केलं.

रिक्षा वळणावरून दिसेनाशी झाली तरी हे फाटकाशी उभेच. हातात ती पावती. बोटं आपोआप चालायला लागली, एक घडी, दुसरी घडी. चौकोन शर्टाच्या खिशात गेला. मी मफलर घेऊन त्यांच्यापाशी गेले आणि त्यांच्या खांद्यावर टाकला, भर उन्हात. तुळसाबाई भिंतीवर होतीच. तिलाही ऐकू जावं अशा बेतानं मी म्हटलं:

"अजी, बत्तीस वर्षं नोकरी केली, पन लबाडी कराचं काही शिकले नाही तुम्ही. कड्या मांजरीनं काढल्या म्हनता, तं मफलराची घडीबी तिनंच घातली का? एक तं लबाडी सोडा, नाही तं घड्या सोडा. दोन्ही एका मानसाले जमत नाही. चला आता आत, पाच पेट्या रिकाम्या पडल्या आहेत आन् पांडू कवाचा दारात येऊन बसला आहे."